कर्करोगाचे निदान आणि ‘योग्या’

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात ‘योग्या’ विधी वर्णिला आहे. कोहळ्यासारख्या फळांवर छेदनकर्म करून विद्यार्थ्याने हात बसवावा. शास्त्र पुष्कळ वाचलेला, परंतु योग्या न केलेला विद्यार्थी कर्मास अयोग्यच, असा त्यांचा निर्वाळा आहे. अल्प उत्पन्नाच्या देशांत आरोग्यसेवकांना कर्करोगाचे प्रशिक्षण कसे द्यावे, याचे उत्तर आम्हांस याच सूत्रात दिसते.

अशा देशांत कर्करोगतज्ज्ञ मोजके आणि तेही मोठ्या शहरांत. रुग्ण प्रथम भेटतो तो आरोग्यसेविकेला, वैद्याला वा औषधविक्रेत्याला. हीच पहिली नजर तयार व्हावयास हवी.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 साली असा प्रयोग आरंभिला. आरोग्यसेविकांना दोनच कर्मे शिकविली: हाताने स्तनपरीक्षण आणि गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून उघड्या डोळ्यांनी परीक्षण. त्यांचे निष्कर्ष तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले जात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले. स्तनकर्करोगाचे मृत्यू पन्नाशीपुढील स्त्रियांत सुमारे 30 टक्क्यांनी घटले, असे 2021 साली दिसून आले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तो लाभ आढळला नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित सेवकांनी मुखपरीक्षण केले. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले, असा त्याचा 2005 सालचा निष्कर्ष आहे.

या प्रयोगांतून तीन गोष्टी ध्यानी येतात. कर्मे थोडी व निश्चित असावीत, ती प्रत्यक्ष करवून घ्यावीत आणि संशयित रुग्ण पुढे कोठे पाठवावयाचा हे आधीच ठरलेले असावे. केवळ व्याख्यानाने हे साधत नाही.

हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. मिश्री लावणाऱ्या एका बाईंच्या गालातील व्रण मुखपाक समजून आम्ही दोन महिने खदिरादि वटी व इरिमेदादि तैल देत राहिलो. बोटाने चाचपून व्रणाचे काठिण्य पाहिले नाही. बायोप्सी झाली तोवर मानेतील ग्रंथी वाढल्या होत्या. निदानस्थानातील अर्बुदाचे वर्णन आम्हांस मुखोद्गत होते. बोटांना मात्र योग्या नव्हती.

म्हणून आमची नम्र सूचना अशी: प्रत्येक जिल्हा शाखेने दंतवैद्यांच्या साहाय्याने मुखपरीक्षणाचे प्रात्यक्षिक घ्यावे. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, उघडेनासे होणारे तोंड यांपैकी काहीही आढळल्यास रुग्ण विनाविलंब रुग्णालयात पाठवावा. औषधविक्रेत्या बंधूंनीही तोंडाच्या व्रणाचे मलम वारंवार नेणाऱ्या ग्राहकास, “व्रण किती दिवसांचा?” एवढे अवश्य विचारावे. रुग्ण वेळेवर पुढे पाठविणे हीदेखील चिकित्साच होय.