महालयातील आप्तगण आणि घराण्याची वंशावळ

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की घरोघरी पंचांग उघडून तिथी पाहिली जाते. श्राद्धाच्या दिवशी पुरोहित नावे विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा ही तीन नावे यजमान बहुधा सांगतात. पुढे ‘आत्याचे नाव? तिच्या यजमानांचे गोत्र?’ असा प्रश्न आला की यजमान आईकडे पाहतात आणि आई आजीच्या तसबिरीकडे. रामटेकास अंबाळ्याच्या काठी हा प्रकार आम्ही प्रतिवर्षी पाहत आलो आहोत.

अलीकडे वंशावळ काढण्याची आवड वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आमच्या पाहण्यात येणाऱ्या बहुतेक वंशावळी म्हणजे एक उभी रेघ असते: मुलगा, बाप, आजा, पणजा. काही तर थेट गोत्रऋषींपर्यंत जाऊन पोहोचतात. मावशीपर्यंत मात्र पोहोचत नाहीत! शास्त्रकारांची दृष्टी अशी अरुंद नव्हती. महालयात ज्यांना पिंड द्यावयाचे त्यांची गणना पाहावी. पितृत्रयी, मातृत्रयी, सापत्न माता, सपत्नीक मातामहादी तिघे, पत्नी, पुत्र. मग चुलते, मामा आणि बंधू, तेही आपापल्या पत्नींसह. मग आत्या, मावशी आणि बहीण, त्यांच्या पतींसह व अपत्यांसह. शेवटी सासरे, गुरू, शिष्य आणि आप्त. तीर्थश्राद्धात व तर्पणातही हीच गणना चालते. आमच्या मते वंशसंशोधकाने प्रथम हीच यादी कागदावर उतरून घ्यावी आणि एकेका नात्यापुढे नाव, गाव, गोत्र लिहीत जावे. जेथे जागा रिकामी राहील, तेथे शोध सुरू करावा.

उभी रेघ कशी तुटते, हे पाहण्यास नागपूरकरांस दूर जावयास नको. भोसल्यांच्या राजघराण्याचाच इतिहास पाहा. 1818 साली इंग्रजांनी आप्पासाहेबांस पदच्युत केले, तेव्हा गादीवर आले ते दुसऱ्या रघुजींच्या कन्येचे पुत्र बाजीबा. गुजर घराण्यात जन्मलेले हे बाळ दत्तविधानाने तिसरे रघुजी झाले. 1853 साली तेही पुत्रावाचून निवर्तले, आणि त्यांच्या मागे घेतलेले दत्तक यशवंतराव, म्हणजेच जानोजी, हे नात्यातल्या अहिरराव घराण्यातले. डलहौसीने वारस नाही असे म्हणून राज्य खालसा केले. घराणे मात्र चालूच राहिले. केवळ बाप-लेक एवढेच मांडणाऱ्यास ही परंपरा दोन ठिकाणी खंडित दिसेल. लेकीकडची व बहिणीकडची नाती मांडणाऱ्यास ती अखंड दिसेल. जी गोष्ट राजवाड्याची, तीच सामान्य गृहस्थाच्या घरची.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ नागपुरात महालात राहतात. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे गेले असता ‘मूळ गाव कोणते?’ असे विचारण्यात आले. त्यांनी ‘नागपूर’ असे सांगितले आणि वहीत काही सापडले नाही. सापडणार तरी कसे? या वह्या आडनावावरून व मूळ गावावरून लावलेल्या असतात. घराणे मागाहून कोठे जाऊन राहिले, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. गृहस्थ परत आले. पुढे अमरावतीस वडिलांच्या मावसबहिणीकडे एका जुन्या मुंजीची आहेराची वही निघाली. तीत कोणी किती रुपये, कोणी खण-नारळ दिला, याबरोबर देणाऱ्याचे गाव लिहिले होते. त्यांच्याच आडनावाच्या तिघांपुढे वर्धेकडील एका खेड्याचे नाव होते. ते नाव घेऊन ते पुन्हा त्र्यंबकेश्वरी गेले आणि लेख मिळाला. तो त्यांच्या पणजोबांचा नव्हता. पणजोबांनी कधी गोदास्नान केलेच नव्हते. आला होता पणजोबांचा चुलतभाऊ. पण रीतीप्रमाणे त्याने आपला बाप, आजा, चुलते, भाऊ आणि चुलतभाऊ अशी सारी नावे स्वहस्ते लिहून खाली सही केली होती. लेख मोडीत होता. उपाध्यायांनी तो वाचून दाखविला. निपुत्रिक म्हणून विस्मृतीत गेलेल्या या चुलत्याने घराण्याच्या दोन पिढ्या राखून ठेवल्या होत्या.

नाशिक, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार येथेही अशा वह्या आहेत. हरिद्वारच्या वह्यांच्या तर अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने सूक्ष्मचित्रफिती करून घेतल्या आहेत.

आमच्या वऱ्हाड-नागपूर प्रांतात आणखी एक साधन आहे, ते म्हणजे कोतवाल पंजी. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद करी. जातपडताळणीसाठी धावपळ करणाऱ्या कुटुंबांना ही पंजी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर चांगलेच परिचित आहे. तेथे आपल्या आजोबांचे नाव न मिळाल्यास त्यांच्या भावाबहिणींचे शोधावे. बापाचे नाव एकच असते. शेताच्या फेरफारातही वारसांच्या ओळीत लेकींची नावे सापडतात. लग्नपत्रिका तर घरोघरी सापडतात. मृत्यूचे पत्र मात्र वाचताच फाडून टाकण्याची आपल्याकडे रीत होती. म्हणून विवाहांच्या तिथी मिळतात, मृत्यूच्या मिळत नाहीत.

नात्याची मर्यादा कोठवर, असे कोणी विचारतात. मिताक्षरेने सापिंड्य पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांपर्यंत सांगितले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ते विवाहापुरते अनुक्रमे पाच व तीन पिढ्यांवर आणले, आणि ही मोजणी स्वतःपासून धरावयाची असते. प्रारंभास एवढे पुरे. सुतक कोणाकोणाला कळवीत असत, हे घरातील वृद्धांस विचारले की यातले पुष्कळ आपोआप हाती येते.

खरी अडचण स्त्रियांच्या नावांची आहे. विवाहात नाव बदलण्याची चाल असल्यामुळे एकच आत्या माहेरच्या पत्रिकेत एका नावाने आणि सासरच्या कागदांत दुसऱ्याच नावाने आढळते, आणि शोधणारा त्या दोघी समजून बसतो. बालपणीच वैधव्य येऊन माहेरी राहिलेल्या कित्येकींचे नाव कोणत्याच कागदावर नसते. ज्यांनी तीन पिढ्यांची बाळंतपणे काढली, त्या घरात केवळ ‘आत्याबाई’ म्हणून राहिल्या आणि ‘आत्याबाई’ म्हणूनच गेल्या. त्यांची नावे आज ज्या दोन-चार वृद्धांच्या स्मरणात आहेत, त्यांच्याजवळ या पंधरवड्यातच बसावे. नवमीस घरातील सवाष्ण गेलेल्या स्त्रियांचे स्मरण होतेच. त्या दिवशी विषय काढण्यास संकोच वाटत नाही. माहेरचे नाव, सासरचे नाव, दोन्ही गावे आणि पतीचे गोत्र विचारावे, आणि सांगणाऱ्याचे नावही खाली लिहावे. गोत्र कळलेच नाही तर काश्यप गोत्राचा उच्चार करावा, आणि तिथी न मिळाल्यास सर्वपित्री अमावास्या धरावी.