नाण्यावरची मोडकी अक्षरे

बोरघाटाची वाट दोन हजार वर्षे चालती आहे. कर्जतजवळची कोंडाणे लेणी आणि घाटावरची कार्ल्याची लेणी तिच्याच आधाराने उभी राहिली. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांच्या दानाचे लेख आहेत. या वाटेने माल चढला-उतरला, तसा पैसाही. त्या पैशाचा माग काढण्यासाठी मी चांदीची जुनी नाणी जमवतो. अस्सल नाण्यांपेक्षा त्यांच्या नकलांनीच मला अधिक सांगितले आहे.

नक्कल म्हणजे लबाडीच असे नाही. ज्या नाण्यावर बाजाराचा विश्वास, त्याच्यासारखे दिसणारे नाणे पाडायचे, ही जगभरची रीत. चौथ्या-पाचव्या शतकांत रोमन सम्राटांचे ‘सिलिक्वा’ हे चांदीचे नाणे युरोपातल्या टोळ्यांनी असेच नकलले. मुखवटा सम्राटाचा, पण भोवतीची लॅटिन अक्षरे चुकलेली.

आपल्याकडे हीच गोष्ट त्याआधी घडली होती. पहिल्या शतकातल्या क्षहरात क्षत्रप नहपानाच्या नाण्यावर राजाचा मुखवटा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे. भाषा मात्र प्राकृत! मागील बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख. पुढे चष्टनाच्या वंशजांच्या नाण्यांवर ती ग्रीक अक्षरे मोडत मोडत नुसत्या रेघा झाल्या. त्या वाचणारा कोणी उरला नव्हता, तरी ठसे कोरणारे त्या कोरत राहिले. रेघा गेल्या असत्या तर नाणे परके वाटले असते.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला आहे. शत्रूचा पराभव केला, पण त्याचे चलन वितळवले नाही. बाजाराला सवयीचा असलेला तुकडाच त्याने आपला करून घेतला.

याच घडणीची नाणी पुढे त्रैकूटकांनी आणि सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने पाडली. त्याच्या नाण्यावर एका बाजूला मुखवटा, दुसरीकडे नंदी. कृष्णराजानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, कोकणावर राज्य करणाऱ्या भोगशक्तीच्या अंजनेरी ताम्रपटात ‘कृष्णराज रूपकां’चा उल्लेख येतो. राजा गेला, राजवंश गेला, नाण्याची पत राहिली.

हे सगळे कळते ते नाणे कुठे, कशात, कोणत्या नाण्यांबरोबर सापडले यावरून. एकटे नाणे आपल्या राजाचे नाव सांगेल. ते कोणत्या बाजारात चालले, हे त्याच्यासोबतचा साठाच सांगतो. म्हणून नांगरटीत किंवा घराच्या पायात हंडी लागली, तर नाणी चिंच-लिंबाने घासू नयेत, वाटून घेऊ नयेत. जागा लिहून ठेवावी, हंडीचे तुकडेही जपावेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

संग्राहकांनीही एक पथ्य पाळावे. आजची बनावट नाणी बहुधा साच्यात ओतलेली असतात. कडेला जोड आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसली तर सावध व्हावे. पण अक्षरे मोडकी दिसली म्हणून नाणे टाकून देऊ नये. सोनाराच्या मुशीत ते केवळ दोन ग्रॅम चांदी आहे. त्या मोडक्या रेघांत मात्र कुणीतरी, न वाचता येणाऱ्या अक्षरांवर विश्वास ठेवून, आपले धान्य विकल्याची नोंद आहे.