ग्रहणाचं शिंगरू

पुण्याचा रेसचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे संपतो आणि घोडे मुंबईला उतरतात. महालक्ष्मीला रेसबुक उघडून बसलेला मुरलेला माणूस जॉकी आणि वजन बघून झालं की घोड्याच्या आई-बापांच्या नावांकडे वळतो. पुण्याच्या पूनावाला स्टडमध्ये प्लेसरव्हिल नावाचा अमेरिकी घोडा पैदाशीला होता. त्याच्या पोरांनी आपल्याकडच्या मोठमोठ्या शर्यती मारल्या, त्यामुळे बापाच्या जागी त्याचं नाव दिसलं की अशा माणसाची नजर तिथे थबकायची.

या प्लेसरव्हिलपासून बापामागे बाप असं मागे चालत गेलं तर काय दिसतं? बाप मिस्टर प्रॉस्पेक्टर, आजा रेझ अ नेटिव्ह, पणजा नेटिव्ह डान्सर. सातव्या पिढीत फॅलॅरिस, तेराव्या पिढीत स्टॉकवेल, सतराव्या पिढीत व्हेलबोन, मग वॅक्सी, मग पॉट-एट-ओज, आणि विसाव्या पिढीत एक्लिप्स. सव्वादोनशे वर्षांत कुठेही खंड नाही. इंग्लंडचा अलीकडचा अजिंक्य घोडा फ्रँकेल घ्या, त्याची वाट नॉर्दर्न डान्सर आणि निआर्कोवरून येते, पण फॅलॅरिसपाशी ती याच वाटेला मिळते. आज जगात जितके नर थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या खास जातीचे घोडे, आहेत त्यांतल्या सुमारे ९५ टक्क्यांची बापाकडची रेषा डार्ली अरेबियन या एका अरबी घोड्याला जाऊन मिळते, आणि जवळजवळ सगळ्यांची एक्लिप्सवरूनच जाते.

आपल्याकडे हेळवी घरोघरी येऊन सात-आठ पिढ्यांची नावं वाचून दाखवतात तेव्हा माणसं हरखून ऐकतात. इथे तर एका मुक्या जनावराच्या वीस पिढ्या लिहून ठेवलेल्या आहेत. मला मात्र त्या यादीपेक्षा तिच्या सुरुवातीचं जास्त नवल वाटतं, कारण ती सुरूच झाली नसती अशा वेळा एक्लिप्सच्या आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा आल्या.

१ एप्रिल १७६४ रोजी कंकणाकृती सूर्यग्रहण होतं. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये, विंडसर ग्रेट पार्कातल्या क्रॅनबोर्न लॉज इथे, राजपुत्र विल्यम म्हणजे ड्यूक ऑफ कंबरलंड याच्या तबेल्यात स्पिलेटा नावाच्या घोडीला शिंगरू झालं. ग्रहणात जन्मलेल्या जिवाला आपल्या आजीने ग्रहणाचंच नाव कधी ठेवू दिलं नसतं. ड्यूकच्या तबेल्यात मात्र त्याचं नाव एक्लिप्स पडलं. रंग झळझळीत तांबूस, कपाळावरून नाकाकडे उतरलेला अरुंद पांढरा पट्टा, आणि मागचा उजवा पाय तेवढा पांढरा. पंचकल्याणी म्हणावा तर चारातले तीन पाय कोरे.

हा ड्यूक म्हणजे १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर स्कॉटलंडमध्ये केलेल्या कत्तलीमुळे ‘खाटीक’ म्हणून बदनाम झालेला सेनापती. घोड्यांच्या बाबतीत मात्र त्याची नजर विलक्षण होती. हेरॉड हा त्या शतकातला दुसरा महान बापघोडाही त्याच्याच तबेल्यात १७५८ मध्ये जन्मला होता. एक्लिप्सच्या रूपाने आपण काय निर्माण केलं हे ड्यूकला कधीच कळलं नाही. ऑक्टोबर १७६५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी तो वारला. तबेला लिलावात निघाला.

तिथे विल्यम वाइल्डमन आला. हा लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातला मांसाचा व्यापारी, खानदानी सरदार वगैरे नव्हे. त्याच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तो पोहोचला तेव्हा लिलाव सुरू झालेला होता. त्याने घड्याळ काढून दाखवलं, जाहीर केलेल्या वेळेआधी बोली सुरू केली म्हणून हरकत घेतली, आणि हवं ते शिंगरू ७५ गिनींना घेऊन गेला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग.

घेतलं खरं, पण शिंगरू वाढलं तसं आवरेना. पाठीवर कुणाला घेईना. तबेल्यात अशा घोड्यावर एकच जालीम उपाय सांगतात, तो म्हणजे खच्ची करणं. खच्ची केलेला घोडा शांत होतो, चांगला पळतोही, फक्त त्याच्या मागे कुणी उरत नाही. एक्लिप्सच्या बाबतीत हा विचार गंभीरपणे झाला होता. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत धस्स होतं ते इथे. सुरीची एक चीर, आणि वॅक्सी नाही, स्टॉकवेल नाही, निआर्को नाही, पुण्याच्या पॅडकमधला प्लेसरव्हिलही नाही. वाइल्डमनने ते केलं नाही. त्याने घोडा एप्सम भागातल्या एका चाबुकस्वाराच्या ताब्यात दिला. या स्वाराने एक्लिप्सला दिवसभर रपेटीला काढून, दमवून दमवून वठणीवर आणलं. त्याची रग पूर्ण उतरली नाहीच. जॉकी त्याला ओढून धरायच्या भानगडीत पडत नसत, नुसते बसून राहत आणि त्याला त्याच्या मनाने पळू देत. मान खाली, नाक जमिनीलगत, असा तो पळे.

त्या काळची शर्यत आजच्यासारखी दीड-दोन मिनिटांत संपत नसे. चार मैलांची एक फेरी, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा चार मैल, असं जिंकणारा ठरेपर्यंत चालायचं. राजाच्या नावाच्या ‘किंग्ज प्लेट’ शर्यतींत पाठीवर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन असे. एका गावच्या शर्यतीहून दुसऱ्या गावच्या शर्यतीला घोडे पायीच जात. म्हणून घोडा पाच वर्षांचा झाल्याशिवाय त्याला मैदानात उतरवण्याची घाई सहसा कुणी करत नसे.

३ मे १७६९ रोजी एप्समला एक्लिप्स पहिल्यांदा पळाला. त्याआधी वाइल्डमनने त्याची गुपचूप चाचणी घेतली होती. पैजवाल्यांचे हेर बघायला गेले, पण उशिरा पोहोचले. वाटेत एक म्हातारी भेटली. तिने सांगितलं म्हणतात की शर्यत होती का ते ठाऊक नाही, पण पांढऱ्या पायाचा एक घोडा भन्नाट सुटलेला पाहिला, आणि दुसरा त्याच्या मागे इतका लांब होता की पृथ्वीच्या टोकापर्यंत पळूनही त्याला गाठू शकला नसता. ही बातमी पसरली आणि एक्लिप्सवरच्या पैजेचा भाव एकदम उतरला.

एप्समला पाच घोडे होते. पहिली फेरी एक्लिप्सने सहज घेतली. तेव्हा डेनिस ओ’केली नावाचा एक आयरिश पैजबाज पुढे सरसावला. हा माणूस कर्जापायी तुरुंगात राहून आलेला. त्याने दुसऱ्या फेरीत पाचही घोडे कोणत्या क्रमाने येतील ते सांगण्याची पैज लावली. क्रम विचारला तेव्हा तो म्हणाला, एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत. ही नुसती बढाई नव्हती. जिंकणाऱ्यापेक्षा २४० यार्डांहून जास्त मागे राहिलेल्या घोड्याला नियमाप्रमाणे क्रमांकच मिळत नसे. दुसऱ्या फेरीत एक्लिप्सने चौघांनाही त्या अंतरापलीकडे टाकलं आणि ओ’केली पैज जिंकला.

ओ’केलीने लगेच वाइल्डमनकडून घोड्याचा अर्धा हिस्सा ६५० गिनींना घेतला आणि पुढच्या वर्षी उरलेला अर्धा ११०० गिनींना. एक्लिप्स १८ शर्यती पळाला आणि १८ जिंकला. त्यांत ११ किंग्ज प्लेट होत्या. कित्येकदा समोर कुणी उभंच राहिलं नाही, तो एकटाच चालत गेला आणि बक्षीस घेऊन आला. १७७० संपेपर्यंत त्याच्याविरुद्ध पैज घ्यायला माणूस मिळेना. मैदानात त्याला आणखी ठेवण्यात अर्थ उरला नव्हता.

याच सुमारास जॉर्ज स्टब्स या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. स्टब्सने तरुणपणी महिनोन्‌महिने मेलेले घोडे सोलून त्यांचे स्नायू आणि हाडं काढलेली होती, त्यामुळे त्याच्या चित्रातला घोडा कातडीच्या आतूनही खरा असतो. न्यूमार्केटच्या उघड्या माळावर विटांची छोटी इमारत आहे, मोतद्दार लगाम धरून उभा आहे, शेजारी जॉकी, आणि मध्ये एक्लिप्स. लांबट शरीर, खांद्यापेक्षा किंचित उंच पुठ्ठा, पुढे ताणलेली मान. चित्रात गर्दी नाही, जल्लोष नाही. जगातला सर्वांत वेगवान घोडा नुसता उभा आहे, आणि नजर हलत नाही.

१७७१ पासून एप्समच्या क्ले हिलला एक्लिप्स पैदाशीचा घोडा झाला. ओ’केलीने सुरुवातीला एका घोडीमागे ५० गिनी घेतल्या. बिचाऱ्या मार्स्कचंही, म्हणजे एक्लिप्सच्या बापाचंही, नशीब उघडलं. ड्यूकच्या लिलावात तो कवडीमोलाने गेला होता. पोराचं नाव झाल्यावर वाइल्डमनने त्याला शोधून २० गिनींना घेतलं आणि पुढे लॉर्ड अॅबिंग्डनला १००० गिनींना विकलं. एक्लिप्सचा खरा बाप मार्स्क नव्हे, शेक्सपिअर नावाचा घोडा, असा वादही तेव्हा उठला होता. वंशपुस्तकाने मार्स्कच धरला.

एक्लिप्सच्या काळात बापघोड्यांच्या यादीत अव्वल नंबर सतत हेरॉडचा आणि नंतर हेरॉडच्या पोराचा, हायफ्लायरचा असे. एक्लिप्स त्या यादीत एकदाही पहिला आला नाही. मग काळाने त्यालाच का निवडलं? माझ्या मते उत्तर शर्यतींच्या बदलात आहे. १७७६ मध्ये सेंट लेजर, १७७९ मध्ये ओक्स आणि १७८० मध्ये एप्समची डर्बी सुरू झाली. चार-चार मैलांच्या फेऱ्या मागे पडल्या, तीन वर्षांची पोरं एकाच छोट्या दौडीत पळू लागली. डर्बी आधी फक्त एक मैलाची होती, १७८४ पासून दीड मैलाची झाली. एक्लिप्सची पोरं लवकर भरत आणि सुटताच वेग धरत. यंग एक्लिप्सने १७८१ ची, सॉल्ट्रमने १७८३ ची आणि सार्जंटने १७८४ ची डर्बी मारली. गंमत अशी की रेषा या तिघांपैकी कुणीच पुढे नेली नाही. ती नेली मुख्यतः पॉट-एट-ओजने. तबेल्यातल्या पोऱ्याला ‘पोटॅटोज’ लिहायला सांगितलं, त्याने ‘पॉट’पुढे एकामागून एक आठ ‘ओ’ काढले आणि तेच नाव चिकटलं, अशी त्याची कथा आहे. त्याचा मुलगा वॅक्सी १७९३ ची डर्बी जिंकला, नातू व्हेलबोन १८१० ची. एक्लिप्सचा दुसरा मुलगा किंग फर्गस, त्याच्या वंशात पुढे अजिंक्य सेंट सायमन झाला.

हे सगळं आज सांगता येतं ते वेदरबी घराण्यामुळे. १७९१ मध्ये जेम्स वेदरबीने थरोब्रेडचं वंशपुस्तक छापायला घेतलं. पुढे नियम ठरला की पुस्तकात आई-बाप नसतील तर घोडा थरोब्रेड नाही. आपल्या देशातलं वंशपुस्तक पुण्यात ठेवलं जातं. अर्थात कागद चुकतो. १८८० चा डर्बीविजेता बेंड ऑर हा प्लेसरव्हिलचा अकरावा पूर्वज. तो मुळात टॅडकास्टर नावाचा दुसराच घोडा होता असा आरोप तेव्हा झाला आणि फेटाळला गेला. सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्याच्या जपलेल्या सांगाड्यातला डीएनए तपासला तेव्हा आरोप खरा ठरला. दोन्ही घोड्यांचा बाप डॉनकास्टरच असल्याने बापाकडची रेषा तेवढी वाचली.

आणि बापाकडची रेषा म्हणजे सगळा घोडा नव्हे, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. ती एका वाय गुणसूत्राची दोरी आहे. प्रत्येक पिढीत निम्मं रक्त आईचं असतं. स्पिलेटाचा बाप रेग्युलस, त्याचा बाप गोडॉल्फिन अरेबियन. या घोड्याची बापरेषा आज अगदी क्षीण झाली आहे, पण आयांच्या मार्फत त्याचं रक्त थरोब्रेडमध्ये डार्ली अरेबियनपेक्षाही जास्त भिनलेलं आहे. रेसबुकात आईचं नाव दुसरं येतं, म्हणून तिचा वाटा दुय्यम होत नाही.

त्यातही पुस्तक बंद आहे, बाहेरचं रक्त येत नाही, आणि ठरावीक बापघोड्यांकडे शेकडो घोड्या जातात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये एका घोड्याला वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घातली, पण २०२२ मध्ये ती मागे घ्यावी लागली. एका घोड्यापासून वाढलेल्या कुळाचं भाग्य एकाच टोपलीत किती ठेवायचं, हा प्रश्न पैशाच्या जोरावर टाळता येणार नाही.

२७ फेब्रुवारी १७८९ रोजी, पोटशूळ उठून, एक्लिप्स गेला. वय जवळजवळ पंचवीस. शार्ल व्हियाल द सेंबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं शवविच्छेदन केलं. हृदयाचं वजन सुमारे १४ पौंड भरलं, म्हणजे सहा किलोंच्या वर. सामान्य थरोब्रेडचं चार-साडेचार किलो असतं. सेंबेलने एकेक हाड मापलं आणि हिशेब मांडला की हा घोडा एका झेपेत २५ फूट जाई आणि सेकंदाला सव्वादोनहून किंचित जास्त झेपा घेई. घोडा का पळतो ते मापून पाहण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक. १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यक कॉलेज निघालं तेव्हा त्याचा पहिला प्राध्यापक सेंबेलच झाला. सांगाडा नंतर हातोहात फिरला. खूर वेगळे झाले, एक तर सोन्यात मढवून राजा चौथ्या विल्यमने इंग्लंडच्या जॉकी क्लबला दिला. आज सांगाडा त्याच कॉलेजच्या, म्हणजे रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या हॉकशेड इथल्या आवारात उभा आहे.

मरणाच्या थोडंच आधी त्याला एप्समहून एजवेअरजवळच्या कॅनन्स इथे हलवलं होतं. ज्याने शर्यतींच्या दिवसांत पायी गावं पालथी घातली, त्याची खुरं आता चालू देत नव्हती. म्हणून त्याच्यासाठी चारचाकी गाडा बनवला, दोन घोडे जुंपले आणि म्हातारा एक्लिप्स आत उभा राहून निघाला, मोतद्दार सोबतीला. या दिवाळीनंतर बोरघाट उतरताना घोड्यांची बंद गाडी पुढे दिसली तर हॉर्न वाजवू नका. आत त्याच्याच वंशातला कुणीतरी उभा असेल, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसलेला मोतद्दार.