दिवाळीतील जुने हॉटेल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या हॉटेलात आपल्या मुलांनी थंड हवेच्या ठिकाणची पहाट प्रथम पाहिली, ज्याच्या व्यवस्थापकाने दरीकडे तोंड असलेली कोपऱ्यातील खोली दरसाल न सांगता राखून ठेवली, त्याच हॉटेलात लक्ष्मीपूजन आणि पाडवा साजरा करावा म्हणून मोठ्या हौसेने गेलेले कुटुंब जेव्हा ओलसर गाद्या, निवलेले जेवण आणि अनोळखी नोकरवर्ग यांचा अनुभव घेऊन परतते, तेव्हा त्याचा निवाडा बहुधा ठरलेला असतो : मालकाला लोभ सुटला. हा निवाडा कधी कधी खराही असतो. तथापि बहुतेक वेळा तो अपुरा असतो, आणि अपुरा असल्यामुळेच तेच कुटुंब पुढील वर्षी दुसऱ्या हॉटेलात पुन्हा तोच मनस्ताप विकत घेते.

सर्वांत खोल रुजलेला समज असा की, पाटी तीच म्हणजे हॉटेल तेच. वस्तुतः इमारतीचा मालक, व्यवहार चालविणारी कंपनी आणि पाटीवरील नावाचा धनी हे तीन निराळे पक्ष असू शकतात. मालक हॉटेल चालवायला देतो, कराराची मुदत संपते, नवा चालक येतो, जुना आचारी आणि जुना व्यवस्थापक निघून जातात, आणि तरीही ग्राहकांच्या स्मरणात मुरलेले नाव मोलाचे असल्यामुळे ते मात्र जागचे हलत नाही. आपण ज्यावर लोभ केला ते आतिथ्य काही विशिष्ट माणसांचे होते; म्हणून आरक्षणाच्या वेळी ‘व्यवस्थापन बदलले आहे काय, आणि केव्हापासून’ हा प्रश्न खोलीच्या दराइतक्याच निःसंकोचपणे विचारला पाहिजे.

दुसरा समज दराविषयीचा : दिवाळीत दुप्पट पैसे मोजले, तेव्हा सेवाही सरस मिळणार. परंतु सणाचा दर त्या दिवसाच्या मागणीचे माप असतो, सेवेच्या दर्जाचे नसते. आणि महाबळेश्वरासारख्या ठिकाणी तर दिवाळीच्या सुमारास हॉटेल अनेक अर्थांनी आपल्या सर्वांत दुर्बळ अवस्थेत असते. वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या त्या पठारावर जांभ्या दगडाच्या भिंती चार महिने पाणी पितात, आणि ती ओल ऑक्टोबरच्या उन्हात पुरती सुकण्यापूर्वीच हंगाम उघडतो. रंगाचा हात वरवर फिरविला जातो, बुरशीचा वास मात्र कपाटांतून आणि गाद्यांतून डोकावत राहतो. शिवाय 17 जानेवारी 2001 च्या केंद्रीय अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला असल्याने तेथील बांधकामावर कडक निर्बंध आहेत. जुन्या वास्तूची पडझड हा केवळ कंजूषपणाचा पुरावा मानणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

नोकरवर्गाचे गणित याहूनही बिकट आहे. हॉटेलांतील कित्येक आचारी, वाढपी आणि खोल्यांची व्यवस्था पाहणारे उत्तर प्रदेश, बिहार किंवा नेपाळ येथून आलेले असतात. दिवाळी आणि तिच्या मागोमाग येणारी छठ हे त्यांचेही सण असल्यामुळे, पाहुण्यांची गर्दी जेव्हा शिगेला पोहोचते नेमके तेव्हाच मुरलेली माणसे रजेवर जातात आणि त्यांच्या जागी हंगामी माणसे उभी केली जातात. एका पलंगासाठी साधारणपणे चादरींचे तीन संच लागतात, एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात; परंतु रोज सर्व खोल्या रिकाम्या होऊन त्याच दुपारी पुन्हा भरू लागल्या की हे चक्र अडखळते, आणि दमट चादर तशीच अंथरली जाते. हे समजून घेणे म्हणजे माफ करणे असे मात्र आम्ही मानीत नाही. जितक्या खोल्या नीट राखता येतील तितक्याच द्याव्यात, हा धर्म हॉटेलवाल्याचा आहे. तो त्याने पाळला नाही तर आजीआजोबांसह वर्षाचा सण घालवायला आलेल्या माणसाची जी हानी होते, ती पुढील खेपेच्या सवलतीने भरून निघत नाही.

तारांकनाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती जे तारांकन देते ते ऐच्छिक असते, त्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. दिवाणखान्यात टांगलेल्या प्रमाणपत्रावरील तारीख म्हणूनच वाचावी.

बिलाच्या बाबतीत गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. सेवाशुल्क हा सरकारी कर आहे असे समजून पुष्कळ लोक ते मुकाट्याने भरतात. ग्राहकाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडता येणार नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती ग्राह्य ठरविली. उलटपक्षी, पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे घेतले म्हणून जी हुज्जत घातली जाते तिला कायद्याचे पाठबळ नाही. टेबलावर आणून दिलेली बाटली ही सेवेचा भाग असल्याने छापील किमतीचे बंधन तेथे लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये म्हटले आहे.

‘सामानाची व वाहनाची जबाबदारी ग्राहकाची’ असे पावतीमागे छापले की हॉटेलचे दायित्व संपले, हाही असाच एक भ्रम. दिल्लीतील एका हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार 1998 साली चोरीस गेली. त्या प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये स्पष्ट केले की, किल्ली स्वीकारून गाडी स्वतः उभी करणाऱ्या हॉटेलला आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही.

राहिला तक्रारीचा प्रश्न. ‘कोर्टकचेरीच्या खेपा कोण घालणार’ या उद्गाराने कित्येक रास्त गाऱ्हाणी घरीच विरतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक पहिल्या पायरीस पुरतो. तेवढ्याने भागले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या मुदतीत जिल्हा आयोगाकडे तक्रार गुदरता येते. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. आरक्षणाची पावती, खोलीच्या अवस्थेची छायाचित्रे आणि व्यवस्थापकास त्याच दिवशी दिलेली लेखी तक्रार एवढे कागद जपून ठेवावेत. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगालाही ती ऐकण्याचा अधिकार असल्याने, महाबळेश्वरात सण नासलेल्या पुण्याच्या कुटुंबाला त्यासाठी साताऱ्यास जावे लागत नाही.