व्हायबर्नम लावताय? जोडीनं लावा!

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड भागात राहणाऱ्या बागवेड्या मंडळींसाठी ही पोस्ट.

अंगणात लाल पानांसाठी बर्निंग बुश लावायच्या आधी व्हायबर्नम न्यूडमचा विचार नक्की करा. हे पूर्व अमेरिकेतलंच, ओलसर रानात आणि दलदलीच्या काठी वाढणारं झुडूप. वसंत सरता सरता पांढऱ्या फुलांचे चपटे गुच्छ येतात आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते. पण खरी बहार फळांची! आधी हिरवट, मग गुलाबी, मग निळी, शेवटी काळपट निळी. एकाच घोसात गुलाबी आणि निळी फळं शेजारी शेजारी दिसतात. इतकं देखणं फळझुडूप मला तरी दुसरं माहीत नाही. त्यातच शरदात पानं लालभडक ते मरून रंगाची होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकटं झुडूप फुलतं भरपूर, फळं मात्र जेमतेम धरतं. एकाच वाणाची दोन रोपं लावूनही उपयोग नाही, कारण ती कलमांपासून केलेली, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच असतात. म्हणून परपरागीभवनासाठी 'विंटरथर' आणि 'ब्रँडीवाइन' असे दोन वेगळे वाण जवळ जवळ लावा. विंटरथर हे नाव डेलावेअरमधल्या प्रसिद्ध बागेचं.

पाणी साचणारा कोपराही या झुडपाला चालतो. अर्धी सावली सोसतं, पण फळं आणि रंग उन्हातच खुलतात. छाटणी फुलं सरल्यावर लगेच आणि हलक्या हातानं करा, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. शिवाय सगळे गुच्छ छाटलेत तर पक्ष्यांना फळं उरणार नाहीत.