‘बीटल’चे वार्धक्य, ‘गोल्फ’चा जन्म

१७ फेब्रुवारी १९७२ रोजी पश्चिम जर्मनीतील वोल्फ्सबर्ग येथे फोक्सवॅगन कंपनीच्या कारखान्यातून १ कोटी ५० लाख ७ हजार ३४ वी ‘बीटल’ मोटार बाहेर पडली आणि फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने अनेक दशके सांभाळलेला उत्पादनाचा विक्रम मोडला गेला. कारखान्यात त्या दिवशी उत्सव झाला, हे सांगायला नकोच. परंतु त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९७४ च्या ताळेबंदात, याच कंपनीने ८० कोटी ७० लाख मार्कांचा तोटा दाखवला. जगात सर्वाधिक खपलेली मोटार बनविणारी कंपनी विक्रमानंतर दोनच वर्षांत डबघाईच्या काठावर कशी येते? आणि त्या काठावरून ती परत कशी फिरते? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या लाभांचे प्रकरण असते. त्या लाभांना मुदत असते, हे मात्र त्यांत क्वचितच सांगितलेले असते. वोल्फ्सबर्गचा इतिहास नेमके तेच सांगतो.

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात आखलेली ही गाडी नाझी राजवटीच्या आश्रयाने जन्मास आली. आठवड्याला ठराविक मार्क भरून मोटार मिळविण्याची योजना त्या राजवटीने काढली होती. तीन लाखांहून अधिक जर्मनांनी पैसे भरले आणि त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी अधिकारी आयव्हन हर्स्ट यांनी मोडकळीस आलेला कारखाना चालू केला आणि जानेवारी १९४८ मध्ये त्याची सूत्रे हाइनरिश नॉर्डहॉफ यांच्या हाती आली. नॉर्डहॉफ यांचे धोरण सरळ होते. अमेरिकन कारखान्यांप्रमाणे दरवर्षी पत्र्याला नवा बाक देऊन गिऱ्हाइकाला भुलवायचे नाही. गाडी तीच ठेवायची आणि तिचा एकेक भाग सुधारीत जायचे. मागे बसविलेले, हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन २५ अश्वशक्तीवरून कालांतराने ५० अश्वशक्तीपर्यंत गेले. काचा मोठ्या झाल्या, ब्रेक सुधारले. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र गाडी तीच दिसे.

हे धोरण चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. साचे तेच, यंत्रे तीच, कामगारांचा हात त्याच कामावर बसलेला. अशा स्थितीत प्रत्येक नव्या लाखामागे दर गाडीचा खर्च घटत जातो. देशोदेशी सुट्या भागांचा साठा ठेवणे सोपे जाते आणि जुनी गाडी विकतानाही चांगली किंमत येते. पश्चिम जर्मनीच्या युद्धोत्तर भरभराटीत या एका गाडीचा वाटा लहान नव्हता. चूक झाली ती यशाचा अर्थ लावण्यात. १९६१ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये कंपनीने मोठ्या आकाराच्या नव्या गाड्या काढल्या, त्याही मागे इंजिन असलेल्या आणि हवेने थंड होणाऱ्याच. गाडी लोकप्रिय आहे, म्हणजे तिच्यातील प्रत्येक तांत्रिक कल्पना लोकप्रिय आहे, असा समज वोल्फ्सबर्गमध्ये रुजला होता. वस्तुतः गिऱ्हाईक घेत होते ते टिकाऊपणा आणि किफायत. इंजिनाचा खडखडाट, हिवाळ्यातील अपुरी ऊब, सामानाला तोकडी जागा आणि बाजूच्या वाऱ्याने हलणारी गाडी, या गोष्टी त्याने केवळ सोसल्या होत्या.

दरम्यान इतरत्र काय चालले होते? ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या ‘मिनी’त इंजिन पुढे आणि आडवे बसवले, व त्याची शक्ती पुढच्याच चाकांना दिली. त्यामुळे गाडीच्या लांबीचा फार मोठा हिस्सा माणसांसाठी मोकळा झाला. मात्र त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात, तेलाच्या टाकीतच ठेवला होता, आणि ती रचना अवघड होती. इटलीत दान्ते जाकोसा यांनी हा तिढा सोडविला. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला एका ओळीत जोडला आणि दोन चाकांकडे जाणारे दांडे कमीअधिक लांबीचे केले. १९६४ च्या ‘ऑटोबिआंकी प्रिम्युला’त हा प्रयोग झाला आणि १९६९ च्या ‘फियाट १२८’मध्ये तो घरोघरी पोहोचला. युरोपातील कुटुंबाची मोटार पुढे कशी असणार, हे त्या वर्षी जवळजवळ ठरून गेले होते. वोल्फ्सबर्ग तेवढे मागे राहिले.

तेथे विचारच होत नव्हता असे नाही; पण तो एका दिशेने होत नव्हता. १९६८ मध्ये नॉर्डहॉफ यांचे निधन झाल्यावर आलेल्या कुर्ट लोत्स यांच्या काळात पोर्शेच्या कार्यालयात एक निराळीच गाडी तयार होत होती. तिचे इंजिन मागच्या आसनाखाली आडवे निजवलेले होते. म्हणजे इंजिन दुरुस्त करायचे तर आधी आसन उचलायचे! लोत्स यांच्यानंतर १९७१ च्या शरदात रुडॉल्फ लाइडिंग सूत्रधार झाले आणि त्यांनी हा प्रकल्प तडकाफडकी रद्द केला. ओतलेला पैसा वाया गेला खरा. परंतु बुडालेला पैसा हा पुढच्या निर्णयाचा आधार होऊ शकत नाही, हे तत्त्व वर्गात शिकविणे सोपे आणि संचालकांच्या खुर्चीत बसून पाळणे कठीण असते. लाइडिंग यांनी ते पाळले.

उसनी विद्या

नवी विद्या आली ती घरातून नव्हे, विकत घेतलेल्या घरातून. १९६० च्या दशकाच्या मध्यास फोक्सवॅगनने डाइम्लर-बेंझ कंपनीकडून इंगोलश्टाट येथील ऑटो युनियन हा कारखाना खरेदी केला होता. हेतू साधा होता: बीटलची मागणी पुरी करण्यास आणखी एक कारखाना हवा होता. तेथे नवी गाडी आखण्यास नॉर्डहॉफ यांची चक्क मनाई होती. तथापि तेथील मुख्य अभियंता लुडविग क्राउस यांनी जुन्या गाडीच्या सांगाड्यातील ‘फेरफार’ या नावाखाली एक संपूर्ण नवी मोटार तयार केली. तीच १९६८ ची ‘आउडी १००’. त्या वेळी इंगोलश्टाटचा कारभार ज्यांच्याकडे होता आणि ज्यांनी या आडवाटेला आडकाठी केली नाही, ते हेच लाइडिंग. पुढे १९७२ च्या ‘आउडी ८०’मध्ये पाण्याने थंड होणारे, दातेरी पट्ट्याने चालणाऱ्या कॅमशाफ्टचे जे हलके इंजिन आले, तेच फोक्सवॅगनच्या नव्या पिढीचा कणा ठरले. वरिष्ठांची आज्ञा काटेकोरपणे पाळली गेली असती, तर १९७४ मध्ये कंपनीच्या हाती बहुधा काहीच नसते.

‘गोल्फ’चे उत्पादन मार्च १९७४ च्या अखेरीस सुरू झाले. तिचे बाह्यरूप इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचे. सरळ रेषांचे, घडीच्या कागदासारखे. परंतु तिचे खरे अर्थशास्त्र मोजमापांत आहे. पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतर बीटलमध्ये २,४०० मिलिमीटर होते आणि गोल्फमध्येही ते तेवढेच राहिले. एकूण लांबी मात्र सुमारे ३.७ मीटर, म्हणजे बीटलपेक्षा फूटभर कमी. कमी पत्र्यात अधिक जागा आणि मागे वर उघडणारा दरवाजा. आसन दुमडले की कुटुंबाची गाडी सामानाची गाडी होई. साध्या प्रतीत १.१ लिटरचे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते, म्हणजे बीटलच्या १.६ लिटरच्या इंजिनाइतकीच ताकद. मागच्या दोन चाकांना जोडणारी पोलादी तुळई पिळता येण्याजोगी केली होती. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे फारसे विचलित होत नसे, आणि स्वतंत्र सस्पेन्शनचा महाग जामानिमाही लागत नसे. ही स्वस्त आणि शहाणी युक्ती पुढे युरोपातील बहुतेक लहान गाड्यांनी उचलली.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पत्र्याखाली होती. पासात, शिरोको, गोल्फ, आउडी ८० या वेगवेगळ्या गाड्या. पण इंजिनांचे घराणे एक. पूर्वी एकच मोटार लाखोंनी निघत होती. आता एकच भाग लाखोंनी निघू लागला आणि मोटारी मात्र गिऱ्हाइकांच्या गरजेप्रमाणे निरनिराळ्या झाल्या. १९७६ मध्ये त्याच सांगाड्यात डिझेल इंजिन आले. त्याच वर्षी ११० अश्वशक्तीची ‘जीटीआय’ही आली. तिच्या केवळ पाच हजार गाड्या काढण्याचा बेत होता आणि पहिल्याच पिढीत साडेचार लाखांहून अधिक खपल्या. उत्पादनाच्या प्रमाणाचे लाभ कायम राखून एका मालावरील अवलंबन कमी करणे, ही गोल्फची खरी कामगिरी होय.

तरीही केवळ अभियांत्रिकीने ही उलाढाल झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन डॉलरला चार मार्क मिळत. १९७३ च्या मध्यात अडीचही मिळेनासे झाले. बीटलची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ अमेरिकाच होती. चलन महागले आणि स्वस्त गाडीचे स्वस्तपण संपले. त्यातच १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट कोसळले. बीटल बदलायला हवी हे अभियंत्यांना आधीच कळले होते. हिशेबनीसांना ते विनिमयदराने कळवले.

या कळण्याची किंमत कोणी मोजली? लाइडिंग यांनी स्वतः, कारण अमेरिकेत कारखाना काढण्यावरून आणि तोट्यावरून मतभेद होऊन गोल्फचे यश ताळेबंदात दिसण्यापूर्वीच त्यांना जावे लागले. आणि कामगारांनी. १९७५ मध्ये टोनी श्म्युकर यांच्या कारकीर्दीत २५ हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली. बरीच कपात पैसे देऊन स्वेच्छेने राजीनामे घेण्याच्या मार्गाने झाली. जाणाऱ्यांत दक्षिणेकडून आलेले इटालियन कामगारही होते. कंपनीच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी आणि लोअर सॅक्सनी राज्याचे सरकार बसत असल्याने हा घाव एका फटक्यात न घालता बोलणी करून घातला गेला, एवढाच दिलासा. १९७६ मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली.

येथे भारतीय वाचकास एक तुलना सुचल्याखेरीज राहणार नाही. ज्या १९७४ साली वोल्फ्सबर्गने बीटल सोडून गोल्फ धरली, त्याच साली मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील ‘फियाट ११००’चे नामकरण ‘पद्मिनी’ झाले. इटलीत या गाडीची जागा १९६९ मध्येच ‘१२८’ने घेतली होती. आपल्याकडे गाडी तीच राहिली, नाव बदलले. दोष अभियंत्यांना देणे अन्यायाचे होईल. परवान्याने बांधलेले उत्पादन, आयातीस बंदी आणि दाराशी वर्षानुवर्षे थांबलेले गिऱ्हाईक असताना तोट्याचा इशारा मिळणार कोठून? पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. त्या टॅक्सीविषयी शहराला वाटणारी माया खरी आहे. पण ती जिच्याविषयी वाटते, ती गाडी १९६० च्या दशकाच्या आरंभी आखलेली होती.

नावाची परंपरा

पुढची पाने भराभर उलटता येतील. १९८३ ची दुसरी गोल्फ आकाराने वाढली आणि तिच्या जोडणीचा सुमारे चतुर्थांश भाग वोल्फ्सबर्गच्या ५४ क्रमांकाच्या शेडमध्ये यंत्रमानवांकडे गेला. १९९७ च्या चौथ्या पिढीचा पाया स्कोडा, सेआत आणि आउडी यांच्या गाड्यांनीही वापरला. २००३ च्या पाचव्या पिढीत ती पिळती तुळई सोडून महाग, बहुदांडी सस्पेन्शन आले. गाडी रस्त्यावर उत्तम चाले, पण बनवायला खर्चिक होती आणि पाच वर्षांतच तिची जागा सहावीने घेतली. २०१२ च्या सातव्या पिढीने ‘एमक्यूबी’ ही पद्धत आणली. तीत पुढच्या चाकांचा आस आणि चालकाच्या पायाखालचे पेडल यांतील अंतर तेवढे कायम आणि बाकी सारी मापे ताणता येण्याजोगी असतात. त्याच पद्धतीचा भारतासाठी बदललेला अवतार पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन गाड्यांखाली आहे. आणि दक्षिण आफ्रिकेत पहिलीच गोल्फ ‘सिटी गोल्फ’ या नावाने २००९ पर्यंत निघत राहिली. श्रीमंत देशाची कालची गाडी गरीब देशाची आजची गाडी होते, हा क्रम तेथेही चुकला नाही.

गोल्फने २००२ मध्ये बीटलचा एकूण उत्पादनाचा आकडा ओलांडला. ही तुलना अर्थात थोडी फसवी आहे, कारण बीटल ही एक गाडी होती आणि गोल्फ हे अनेक गाड्यांचे एक नाव. मात्र बदलाची सवय लावून घेतलेल्या कंपनीसही प्रत्येक बदल वेळेवर साधतो असे नाही. २०१५ मध्ये डिझेल इंजिनांच्या धूरचाचणीत लबाडी करणारी संगणक-आज्ञावली उघडकीस आली, तीही एका यशस्वी तंत्राला त्याच्या मुदतीपलीकडे ओढण्याच्या धडपडीतूनच. आता विजेच्या मोटारींचा प्रश्न समोर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्यानुसार २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या, सक्तीची कपात न करता, कमी व्हायच्या आहेत. गोल्फचे उत्पादन २०२७ पासून वोल्फ्सबर्गमधून मेक्सिकोतील प्वेब्ला येथे नेण्याचेही त्यात ठरले. याच प्वेब्लात ३० जुलै २००३ रोजी जगातील शेवटची बीटल तयार झाली होती.