नॉमिनेटिव्ह म्हणजे आपली प्रथमाच, फक्त ‘ने’ घरी ठेवून या

मी पातूरवरून बोलतोय. आज आपल्या जर्मनच्या सिरीजमध्ये केसेस सुरू करतोय, म्हणजे मराठीत विभक्ती. अकोल्याच्या एसटीत ऐकताना ज्यांची रेंज जाते त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकलाय. जर्मन शब्द मी आपल्याच अक्षरात लिहितोय. उच्चार थोडे इकडेतिकडे होतील, पण ऑडिओ आहेच.

२०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी इथली मुलं-मुली तिकडे पाठवायची असा तो करार. तेव्हापासून मोबाईलवर जर्मन शिकणारे गावोगावी दिसायला लागले. ए१ला शंभरपैकी ६० मार्क मिळाले की पास, आणि तेवढे केस नीट न कळताही काढता येतात. पण नर्स म्हणून तिथे मान्यता घ्यायची तर साधारण बी२ लागतं, आणि वॉर्डात कोणी कोणाला काय केलं हे चुकून चालत नाही. म्हणून पाया आत्ताच घालू.

शाळेत आपण शिकलो की करणारा तो कर्ता. बरेच व्हिडिओसुद्धा हेच सांगतात: नॉमिनेटिव्ह म्हणजे काम करणारा. मला ही व्याख्या अर्धवट वाटते, आणि मराठी माणसाला तर ती हमखास गोंधळात पाडते. का ते बघा.

‘मुलाने संत्रं खाल्लं.’ खाणारा कोण? मुलगा. आता दोन संत्री करा: ‘मुलाने दोन संत्री खाल्ली.’ क्रियापद बदललं. मुलाच्या जागी मुलगी आणा: ‘मुलीने संत्रं खाल्लं.’ क्रियापद हललंसुद्धा नाही. म्हणजे क्रियापद ऐकतंय कोणाचं? संत्र्याचं. शाळेतला कर्मणी प्रयोग तो हाच. मुलाला ‘ने’ लागला, तो तृतीयेत गेला. प्रथमेत राहिलं संत्रं, आणि क्रियापद प्रथमेच्याच मागे जातं.

कोणी म्हणेल, ‘मी संत्रं खाल्लं’ यात ‘ने’ कुठेय? तो लपलाय. आपल्याकडची जुनी माणसं ‘म्या खाल्लं’ म्हणतात ना, ते ‘म्या’ म्हणजे तृतीयाच. प्रमाण मराठीत दोन्हीकडे ‘मी’ झालं म्हणून दिसत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्याला व्याकरण असं फुकटात मिळतं, पण आपण उगाच लाजतो.

आता जर्मन. ‘डेअर युंगं हाट आइनं ओरांजं गेगेसन’, मुलाने एक संत्रं खाल्लं. दोन संत्री करा: ‘डेअर युंगं हाट त्स्वाय ओरांजन गेगेसन.’ ‘हाट’ तसंच. पण मुलं अनेक करा: ‘डी युंगन हाबन...’ झालं, ‘हाट’चं ‘हाबन’ झालं. क्रियापद मुलाचं ऐकतंय, म्हणून मुलगा नॉमिनेटिव्ह. भूतकाळ असो की वर्तमान, जर्मनमध्ये ‘ने’सारखी भानगडच नाही.

तर कामाची व्याख्या ही: क्रियापद ज्याचं ऐकतं ते नॉमिनेटिव्ह. शंका आली की एकवचनाचं अनेकवचन करून बघा. ज्याच्यामुळे क्रियापद हलेल, तेच ते.

ही युक्ती ‘आवडणे’ला तर मस्त लागू होते. ‘मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात.’ क्रियापद पुस्तकाचं ऐकतं. जर्मनमध्ये ‘डास बुख गेफेल्ट मिअर’, आणि अनेकवचनात ‘डी ब्युशर गेफालन मिअर’. मिअर म्हणजे मला, किंवा आपल्या बोलीत मले. इंग्रजीवरून जर्मन शिकणारा इथे अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात ‘आय लाइक’ असतं. तुम्ही मराठीवरून या.

‘मले थंडी वाजते’ हे सुद्धा जुळतं: ‘मिअर इस्ट काल्ट’. यात नॉमिनेटिव्ह नाहीच, म्हणून क्रियापद बिचारं एकवचनात गप्प बसतं. मळमळतंय? ‘मिअर इस्ट श्लेश्ट’. पेशंट हे बोलणार, लक्षात ठेवा. आणि ‘इश बिन काल्ट’ म्हणू नका, त्याचा अर्थ मी थंड काळजाचा माणूस आहे असा निघतो.

मात्र सगळीकडे ‘मला’ चालत नाही. मला भूक लागली, मला ताप आहे: जर्मनमध्ये ‘इश हाबं हुंगर’, ‘इश हाबं फीबर’. इश म्हणजे मी, नॉमिनेटिव्ह. इथे पाठांतराला इलाज नाही.

आता आर्टिकल. नॉमिनेटिव्हमध्ये पुल्लिंगाला डेअर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकाला डास, आणि अनेकवचनाला सरसकट डी. ‘एक’साठी आइन, आइनं, आइन. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, पण आपली लिंगं तिकडे नेऊ नका. चंद्र तिकडेही तो, पण सूर्य ती. दूध ती, खुर्ची तो. लेकरू मात्र दोन्हीकडे ते: ‘डास किंट’. म्हणून शब्द पाठ करताना आर्टिकलसकट करा. नुसतं ‘श्टूल’ नाही, ‘डेअर श्टूल’.

एवढा आटापिटा कशाला, तर हे वाक्य बघा: ‘डेन पात्सिएंटन रूफ्ट डेअर आर्त्स्ट.’ आर्त्स्ट म्हणजे डॉक्टर, रूफ्ट म्हणजे बोलावतो. पहिला शब्द पेशंट आहे म्हणून पेशंट डॉक्टरांना बोलावतोय असं समजलात तर उलटं झालं. ‘डेअर’ डॉक्टरांपुढे आहे, म्हणजे बोलावणारे डॉक्टर. जर्मनमध्ये शब्द जागा बदलतात, आर्टिकल खरं सांगतं. आपल्याकडे तरी काय वेगळं, ‘पेशंटला डॉक्टर बोलावतात’ हे आपल्याला बरोबरच कळतं ना, ‘ला’मुळे.

एक गोष्ट राहिली. ‘इस्ट’, म्हणजे आहे, याच्या दोन्ही बाजूंना नॉमिनेटिव्ह येतं. ‘डास इस्ट आइन टिश’, हे टेबल आहे. इथे ‘आइनन टिश’ करू नका. ‘मी टेबल विकत घेतो’ म्हणाल तेव्हा ‘आइनन टिश’ होईल, ती अक्युझेटिव्ह, आपली द्वितीया. ती पुढच्या भागात. तोपर्यंत घरातल्या दहा वस्तू ‘डास इस्ट’ लावून डेअर-डी-डाससकट म्हणा, रेकॉर्ड करा आणि मला पाठवा.